रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे का हलतात

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला की बाबा लगेच लॅबला नावं ठेवतात. कधी लॅबचं चुकतही असेल. पण पुष्कळदा घोळ तपासणीआधी, नळीतच झालेला असतो. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी बराच वेळ जिवंत असतात.

तांबडी पेशी तयार होता होता आपलं केंद्रक बाहेर टाकते, मायटोकॉन्ड्रियाही (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) गमावते. म्हणजे अख्ख्या शरीराला ऑक्सिजन पुरवणारी ही पेशी स्वतः तो वापरू शकत नाही! ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज मोडायचं आणि एका रेणूमागे जेमतेम २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळवायचे, यावर तिचं भागतं. ग्लुकोज आत घ्यायला तिला इन्सुलिनही लागत नाही, त्यामुळे नळीतही खाणं चालूच राहतं. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. १२० ची दोन तासांनी १०५ च्या आसपास दिसेल. म्हणून उपाशीपोटीच्या साखरेला राखाडी टोपणाची नळी हवी. तिच्यातलं फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम रोखतं. पण ते साखळीच्या शेवटाकडचं असल्याने पहिल्या तास-दोन तासांत थोडी घट होतेच. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात.

पेशी फुटल्या की पोटॅशियमचा आकडा चढतो. पेशीत ते बाहेरच्या द्रवापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. पेशीच्या पडद्यातला पंप एका एटीपीवर ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, तेव्हा कुठे हा फरक टिकतो. नमुना तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर थंडीने पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीने, टेल्मिसार्टनने, पोटॅशियम खरोखरच वाढू शकतं, म्हणून इथे खोटा आकडा नको. रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका, त्यानेही आकडा चढतो. आकडा जास्त आला तर डॉक्टरांना विचारून ताजा नमुना द्या. गोळी मनाने बंद करू नका.

आई, तुझी 'तीन महिन्यांची शुगर' (एचबीए१सी, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) जांभळ्या टोपणाच्या नळीतून होते. तिला उपाशी राहावं लागत नाही. ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटतं आणि एकदा पक्कं बसलं की सुटत नाही. केंद्रक नसल्याने पेशीला नवं हिमोग्लोबिन बनवता येत नाही, म्हणून साधारण १२० दिवसांच्या आयुष्यात हा साठा वाढतच जातो. मात्र शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे लग्नसराईनंतरचा आकडा थोडा चढाच येणार.

लोह कमी असेल तर हाच आकडा साखर न वाढताही जास्त दिसू शकतो: नव्या पेशी कमी बनतात, जुन्यांचं प्रमाण वाढतं. लोहाच्या गोळ्या लागू पडल्या की कोवळ्या पेशी येतात आणि तो उतरतो. हे पथ्याचं यश समजून औषध कमी करू नकोस. रक्तस्राव झाला किंवा रक्त चढवलं तरीही हा आकडा फसवतो. अशा वेळी ग्लुकोमीटरचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतर दोन तासांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखव.

रिपोर्टचा फोटो पाठवाल तेव्हा रक्त किती वाजता काढलं आणि लॅबला कधी पोचलं, तेही कळवा.

तुमची,
लेक