खोटी सही नाकारली जाते का, हेही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिजिटल सहीविषयी मजकूर छापून येतो तेव्हा ‘अशी सही बनावट करणे गणिती दृष्ट्या अशक्य’ हे वाक्य त्यात हमखास असते. गणितापुरते ते व्यवहारात खरे आहे. पण सही खरी की खोटी हे आपल्याला सांगतो तो एक प्रोग्राम. त्यातली एकच तपासणी गळली तर काय होते, हे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या बाबतीत दिसून आले आहे. सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा दोषांच्या सीव्हीई या यादीत सीव्हीई-२०२२-२१४४९ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. ‘सायकिक सिग्नेचर’ या टोपणनावाने तो दोष जास्त ओळखला जातो. आपल्याकडच्या निविदा आणि ऑडिट पाहता त्याची उजळणी करावीशी वाटते.

सप्टेंबर २०२० मध्ये जावा १५ आले. इलिप्टिक कर्व्ह या गणिती वक्रावर आधारलेल्या सह्यांचा जो कोड आधी सी++ मध्ये होता, तो या आवृत्तीपासून जावातच नव्याने लिहिलेला वापरात आला. जुन्या कोडमध्ये असलेली एक तपासणी नव्यात उतरलीच नाही. फोर्जरॉक या कंपनीतले नील मॅडन यांच्या हे लक्षात आले, त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीला कळवले आणि १९ एप्रिल २०२२ रोजी दुरुस्ती बाहेर पडली. म्हणजे सुमारे १९ महिने दार सताड उघडे होते.

ईसीडीएसए या इलिप्टिक कर्व्हवरच्या पद्धतीची सही म्हणजे आर आणि एस या दोन संख्या. नेहमीच्या पी-२५६ कर्व्हवर प्रत्येकी ३२ बाइट, मिळून ६४. पडताळणीची पहिली पायरी अशी, की दोन्ही संख्या १ ते (एन – १) यांच्या दरम्यान आहेत ना ते पाहायचे. एन ही त्या कर्व्हसाठी ठरलेली एक मोठी मूळ संख्या. गळाली ती हीच पायरी. पुढे एसचा गुणाकार व्यस्त काढतात. तो एकदा संदेशाच्या हॅशने (मजकुरावरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या संख्येने) गुणायचा, एकदा आरने. आलेल्या दोन संख्यांपैकी पहिलीने कर्व्हवरच्या ठरलेल्या बिंदूला आणि दुसरीने सही करणाऱ्याच्या सार्वजनिक (सही तपासण्यासाठी सर्वांना उघड असलेल्या) किल्लीच्या बिंदूला गुणून बेरीज करायची. येणाऱ्या बिंदूचा क्ष-निर्देशक आरशी जुळला की सही खरी.

आता आर आणि एस दोन्ही शून्य ठेवून पाहा. शून्याला गुणाकार व्यस्त नसतो हे शाळेतच शिकवतात, त्यामुळे गाडी इथे अडायला हवी. पण जावात व्यस्त काढायला फर्माचे छोटे प्रमेय वापरले आहे: एसचा (एन – २) वा घात घ्यायचा. शून्याचा कितवाही घात शून्यच, त्यामुळे एररही येत नाही. मग दोन्ही गुणक शून्य, बेरीज म्हणजे अनंतावरचा बिंदू (कर्व्हच्या गणितातले शून्य), आणि ज्या निर्देशक पद्धतीत तो साठवला जातो तिथे त्याचा क्ष शून्य भरतो. आरही शून्य. जुळले! संदेश आणि किल्ली दोघेही शून्याने गुणले जाऊन समीकरणातून बाद झाले. कोणताही मजकूर, कोणाचीही किल्ली, उत्तर एकच: सही वैध.

ही बनावट सही डीईआर या साठवणीच्या ठरलेल्या स्वरूपात जेमतेम आठ बाइटची असते: ३० ०६ ०२ ०१ ०० ०२ ०१ ००. लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या जेडब्ल्यूटी टोकनमध्ये ६४ शून्य बाइट गेले, तर शेवटच्या भागात कॅपिटल ‘ए’ हे अक्षर ओळीने ८६ वेळा दिसते. त्या काळातले लॉग जपून ठेवले असतील तर शोधायला सोपे आहे. टीएलएसमध्ये, म्हणजे वेबसाइटशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीत, प्रकार आणखी वाईट. मूळ सर्व्हरचे प्रमाणपत्र सार्वजनिकच असते. हल्लेखोराने तेच पुढे करायचे आणि हँडशेकच्या वेळी (जोडणी सुरू होताना) खासगी किल्लीने करायच्या सहीच्या जागी शून्ये द्यायची. समोर जावा क्लायंट असेल तर तो विश्वास ठेवणार. ओरॅकलने या दोषाला गंभीरतेचे दहापैकी ७.५ गुण दिले, फोर्जरॉकने पूर्ण १०. आम्हाला फोर्जरॉकचे पटते.

दोष जावा १५, १६, १७ आणि १८ मध्ये होता, १७.०.३ आणि १८.०.१ मध्ये तो काढला गेला. १५ आणि १६ चा अधिकृत पाठिंबा तोवर संपलेला होता, त्यामुळे त्या आवृत्त्या कोणी अजून चालवत असेल तर त्या सोडण्यावाचून इलाज नाही. जावा ८ आणि ११ वाले यातून सुटले. जुने ते सोने असा अर्थ मात्र कृपया काढू नये! सह्यांसाठी जावाच्या अंगच्या कोडऐवजी बाउन्सी कॅसल ही लायब्ररी वापरणारेही सुरक्षित होते. आरएसए या दुसऱ्या पद्धतीच्या सह्यांना हा दोष लागूच नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक डीएससी (डिजिटल सही प्रमाणपत्रे) आरएसएच्या आहेत. तेव्हा प्राप्तिकर किंवा जीएसटीसाठी घेतलेली डीएससी या कारणाने बदलण्याची गरज नाही. बदलूनही काही साधले नसते, कारण बिघाड सही करणाऱ्याकडे नव्हताच.

दुरुस्ती करतानाची नेहमीची चूक वेगळी आहे. सर्व्हरवर आवृत्ती विचारली की १७.०.३ किंवा पुढची दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. पण अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या फोल्डरमधली किंवा कंटेनर इमेजमधली (अ‍ॅप्लिकेशनच्या तयार गाठोड्यातली) वेगळीच जावा वापरत असते. चालू प्रोसेस कोणत्या ठिकाणची जावा उचलते ते पाहायला हवे. शिवाय पॅच टाकून प्रोसेस रीस्टार्ट केली नसेल, तर जुनाच कोड मेमरीत चालत राहतो.

आता मुद्द्याचे. सरकारी आणि बँकांच्या निविदांत किल्लीची लांबी, किल्ली ठेवण्याच्या टोकनचा प्रकार, परवानाधारक प्रमाणन संस्था हे सगळे काटेकोर विचारलेले असते. ऑडिटमध्ये खरी सही चालते का ते पाहिले जाते. खोटी नाकारली जाते का, हे सहसा कोणी पाहत नाही. गूगलने २०१६ मध्ये खुला केलेला वायचप्रूफ हा चाचण्यांचा संच नेमका यासाठी आहे, फुकट आहे, आणि शून्याची चाचणी त्यात होती. तो चालवला असता तर हा दोष पहिल्याच फेरीत सापडला असता.

आमची सूचना अशी की सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील ऑडिटरांनी पडताळणी करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला पुढील सह्या देऊन पाहाव्यात: आर शून्य, एस शून्य, दोन्ही शून्य, आर किंवा एसच्या जागी खुद्द एन (एनने भागल्यावर बाकी शून्यच उरते, म्हणजे मागच्या दाराने तेच शून्य), रिकामी सही, अर्धवट तोडलेली, शेवटी जादा बाइट चिकटवलेली, एकच बिट उलटवलेली. जेडब्ल्यूटी टोकन असेल तर ‘सहीची पद्धत: काहीच नाही’ असे लिहिलेलेही. चाचणी ग्राहकाच्या प्रत्यक्ष सर्व्हरसारख्याच मांडणीवर व्हावी, विक्रेत्याच्या डेमोवर नको. प्रत्येक सहीचा निकाल अहवालाला जोडावा आणि जावाची आवृत्ती बदलेल तेव्हा चाचणी पुन्हा घ्यावी. एकदा स्क्रिप्ट लिहून ठेवली की ती चालवायला काही मिनिटे लागतात. निविदेत त्यासाठी एक कलम पुरे.

आपले,
माहिती सुरक्षा क्षेत्रातील काही अभियंते, पुणे