द्राक्षांच्या ताली विसरू नका

रविवार पुरवणीतील इटलीच्या ‘चिंक्वे तेर्रे’वरील लेख वाचला. रंगीत घरे, समुद्र, आगगाडी सगळे आले; पण ज्या डोंगरउतारांमुळे १९९७ साली युनेस्कोने या पाच गावांची दखल घेतली, त्या द्राक्षमळ्यांना जेमतेम एक ओळ! चुना-सिमेंटशिवाय दगडावर दगड रचलेल्या ताली, म्हणजे उताराची माती धरणारे बांध; त्यांवर बोस्को, अल्बारोला, वेर्मेंतिनोच्या जुन्या वेली. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. तोडणी हातानेच, क्रेट खाली आणायला काही ठिकाणी एकरुळी गाडी, एवढीच काय ती सोय. निवडक घड सावलीत, वाऱ्यावर निदान नोव्हेंबर उजाडेपर्यंत सुकवायचे, मग मणी हाताने खुडून पिळायचे. तेव्हा कुठे थोडीशी गोड ‘शाक्केत्रा’ वाइन होते. महाग का, हे विचारूच नये.

पर्यटकांना खोल्या भाड्याने देण्यात नफा जास्त, त्यामुळे कित्येक मळे ओस पडले. निगा सुटली की ताल फुगते, ढासळते आणि उतार घसरतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत यांतली वेर्नात्सा आणि मोंतेरोसो ही दोन गावे चिखलाखाली गेली, हेही लेखात हवे होते. आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी फोटोंचा अर्धा तास कमी करून एखाद्या छोट्या मळेवाल्याकडे थांबा ठेवावा. वाइन न पिणाऱ्यांनी निदान ताल पाहावी.

– एक द्राक्ष बागायतदार, नाशिक