नंद्याला कसं सांगू?

प्रिय सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही, रागावली असशील. माझे गुडघे, साखर नेहमीचंच. ते सोड.

आपल्या लाडक्या गायिकेची, शर्ली बॅसीची ‘समथिंग’ ही रेकॉर्ड सीडीवर परत निघालीये आणि मला मिळाली! १९७० ची, बापूमामांनी बोटीवरून आणलेली, तीच. काल दुपारी दार लावून ऐकली. बाई आधी कानाशी बोलल्यासारखी गाते, मग जॉनी हॅरिसचा वाद्यवृंद उसळतो आणि गिरगावातली आपली खोली भरून जाते. तू म्हणशील, ‘समथिंग’ हे बीटल्सचं गाणं बीटल्सनीच म्हणावं, ही किंचाळते. अगं, ब्रिटनमध्ये त्यांचं ‘समथिंग’ चौथ्या नंबरावर गेलं आणि हिचंही चौथ्याच! बरोबरीत सुटलं, आता मिटव भांडण. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन लाजत सांगतो, ही गॅलरीत उभी राहून अख्ख्या चाळीला सांगते. मला तेच हवं असायचं.

मग ‘लाइट माय फायर’ लागलं. त्या जागेला मी श्वास रोखून बसले. आपली सुई तिथून उडायची ना! काल उडाली नाही. मधे दोन ओळी होत्या गं, आपण कधीच न ऐकलेल्या. मला रडूच फुटलं.

सुमे, तो ओरखडा नंद्याने नाही पाडला. मी पाडला. तू पाणी भरायला गेली होतीस. मला तेच गाणं पुन्हा हवं होतं, घाईत सुई उचलली आणि खर्रकन आवाज आला. रेकॉर्ड कव्हरात सरकवून मी गप्प बसले. संध्याकाळी नंद्या “मी नाही, मी नाही” म्हणत राहिला, आणि खोटं बोलतो म्हणून आणखी दोन खाल्ल्या. मी दारातच उभी होते. मामांचा जीव होता त्या रेकॉर्डवर. बॅसी म्हणजे वेल्समधल्या कार्डिफच्या गोदीतली, टायगर बेची पोर, बाप नायजेरियाचा खलाशी, म्हणजे आपल्यातलीच म्हणायचे. नंद्याला पुन्हा कधी रेकॉर्ड प्लेअरला हात लावू दिला नाही त्यांनी.

आता साठीला आलेल्या माणसाला काय सांगू? तो हसेल, “अगं कुंदाताई, सोड” म्हणेल. त्या हसण्याचीच भीती वाटते.

मोतीबिंदूचं काय झालं? पूर्वाचं ठरलं का? कळव.

नंद्यासाठी एक सीडी घेतलीये. पुढच्या रविवारी येते. तू त्याला काही बोलू नकोस, मीच सांगेन. आधी गाणं लावू की आधी सांगू, तेवढं कळव.

तुझी,
कुंदा