अकोल्याचे चाळीस आणि इथले चाळीस

बर्नबी, व्हँकुव्हरजवळ
9 मार्च 2025

तीर्थरूप बाबा व आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही हसत विचारलेत की चाळीस अंशांत इथली माणसे दगावलीच कशी. आपल्या अकोल्यात चैत्र लागला की चाळीस होतातच आणि भर दुपारी वराती निघतात. फोनवर नीट सांगता आले नाही. त्याचे उत्तर तुमच्या गोळ्यांशी आणि आत्याच्या दम्याशीही जोडलेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

2021 च्या जूनअखेरीस आमच्या इथल्या, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतावर हवेच्या उच्च दाबाने असा ठिय्या दिला की आठवडाभर उष्णता हललीच नाही. 29 जूनला लिटन या गावात 49.6 अंशांची नोंद झाली, तो कॅनडाचा उच्चांक आहे. दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात जळाले. मात्र उष्णतेने गेलेल्या 619 जणांपैकी बहुतेक जण शहरांतले होते. प्रांताच्या मृत्यू-तपासणी कार्यालयाने नंतर अहवाल दिला, त्यानुसार त्यांतील 98 टक्के मृत्यू घराच्या आत झाले, दोन तृतीयांश लोक सत्तरी गाठलेले होते आणि निम्म्याहून अधिक एकटे राहणारे होते. आपण ‘ऊन लागले’ म्हणतो, पण ही माणसे उन्हात गेलीच नव्हती.

इथली घरे थंडी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली असतात, त्यामुळे आत शिरलेली उष्णता रात्रीही बाहेर पडत नाही, आणि तेव्हा बहुतेक घरांत एसी नव्हता. शिवाय शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि रक्तातला द्रवभाग वाढतो. तुमच्या शरीराला ही तयारी करायला अख्खा फाल्गुन मिळतो. इथे जूनमध्ये वीस-बावीस अंशांत वावरणाऱ्यांना ती सवड मिळालीच नाही.

आता हृदयाविषयी. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पुष्कळ रक्त तिकडे वळते आणि रक्तदाब सांभाळण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने धावावे लागते. त्याच वेळी घामावाटे पाणी व क्षार जाऊन रक्त दाट होते, गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. धडधाकट माणसाला हे निभावते; ज्याच्या हृदयात आधीच स्टेंट बसवलेला आहे, त्याच्याकडे ही शिल्लक कमी असते. त्यात तुमची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी शरीरातले पाणी आणखी घटवते, आणि नाडी मंद ठेवणारी दुसरी गोळी हृदयाला गरजेपुरतेही धावू देत नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. उन्हाळ्यासाठी मात्रा बदलायची का आणि दिवसाला पाणी किती प्यायचे, हे दोन प्रश्न एप्रिल उजाडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आई, तुझे कैरीचे पन्हे उत्तमच. मात्र बाबांच्या पेल्यात मीठ किती चालेल, तेही त्याच वेळी विचारून घे. खिशातल्या कांद्याबद्दल मी वाद घालत नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी शेतावर जाणे मला मान्य नाही.

आत्याचे दुखणे वेगळे आहे. उष्म्यात श्वास जलद होतो आणि फुप्फुसे आधीच अरुंद झालेल्या माणसाची त्यात दमछाक होते. त्यातच वाहनांच्या धुरावर कडक ऊन पडून जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो आणि तो श्वासनलिकांना दाह करतो. इथे उन्हाळ्यात वणव्यांचा धूर शहरभर पसरतो, तेव्हा धुरासाठी खिडक्या बंद कराव्यात की उकाड्यासाठी उघडाव्यात, असा पेच पडतो. आपल्याकडे वणवा नसला तरी कचरा जाळण्याचा धूर आहेच, त्यामुळे आत्याचा पंप उशाशी असावा, कपाटात नव्हे.

त्या उन्हाळ्यानंतर इथे एक चांगली गोष्ट रुळली. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. हवामान खात्याचा उष्णतेचा इशारा आला की आम्ही शेजारी पाळी लावून दिवसातून दोनदा त्यांच्याकडे जातो. त्यांच्या भिंतीवरच्या तापमापकावर 26 आणि 31 या आकड्यांशी शाईने रेघा ओढलेल्या आहेत. घरातले तापमान 26 पर्यंत असेल तर काळजी नाही. 31 च्या वर टिकून राहिले तर आजींना तळमजल्यावरच्या थंड हॉलमध्ये न्यायचे. जाताना आम्ही त्यांच्याशी दोन वाक्ये बोलतो, कारण बोलण्यात गोंधळ जाणवणे हे उष्माघाताचे मोठे लक्षण आहे, आणि ते दिसताच अंग ओले करून रुग्णवाहिका बोलवावी लागते. हे आकडे अकोल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण घरातले तापमान मोजायचे ही कल्पना नक्कीच लागू पडते.

थंडीबद्दलही थोडे लिहिते, कारण डिसेंबरात तुम्ही पहाटे पाचला फिरायला निघता. 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 13 देशांतील 7.4 कोटी मृत्यूंचा अभ्यास आला. त्यात थंडीशी निगडित मृत्यू 7.29 टक्के आणि उष्णतेशी निगडित 0.42 टक्के निघाले, आणि थंडीचे बहुतेक बळी कडाक्याच्या नव्हे, तर साध्या गारठ्याच्या दिवसांतले होते. भारत त्या यादीत नव्हता, त्यामुळे हे प्रमाण आपल्यावर लादू नये. पण शरीराची रीत सगळीकडे सारखीच आहे. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त दाट होते, आणि कोरडी थंड हवा दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आवळते. म्हणून येत्या हिवाळ्यात ऊन वर आल्यावर निघा, कानटोपी आणि मफलर घ्या, आणि चढाची वाट टाळा.

सध्या एवढेच करा: एक साधा तापमापक आणून आत्याच्या पत्र्याखालच्या खोलीत टांगा आणि दुपारी तीनचा व रात्री दहाचा आकडा वहीत लिहा. रात्रीचा आकडा उतरत नसेल, तर तिला खालच्या खोलीत हलवा. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठेल आणि घाम वाळणार नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातले आकडे मला फोनवर सांगा, म्हणजे आत्यासाठी एसी घ्यायचा की नाही ते ठरवू. पैसे मी पाठवते.

आत्याला नमस्कार.

आपली लेक,
माधवी