तुझी हाडं कोण दुखवतंय?

प्रिय मुक्ता,

काल फोनवर कण्हत म्हणालीस, "आई, या विषाणूनं माझी हाडं खिळखिळी केली." तुला झोप हवी होती, म्हणून गप्प बसले. पण फ्लूचा विषाणू सहसा नाक, घसा, फुप्फुसं यांच्या अस्तरातच राहतो, हाडांपर्यंत जात नाही. तुला दुखवतायत ती तुझीच प्रथिनं.

प्रथिनं बनवायच्या सूचना वाहणाऱ्या, पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर एक टोपी असते. फ्लूच्या जनुकीय आरएनएचं टोक मात्र बोडकं, त्यावर नुसते तीन फॉस्फेट. रिग-आय नावाचं प्रथिन ते बोडकं टोक बरोब्बर धरतं. पुढचं त्याच्या हातात नाही. ते मायटोकाँड्रियावरच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरावरच्या, माव्हस नावाच्या प्रथिनाला डिवचतं, मग माव्हसचे रेणू एकमेकांना चिकटत लांब दोरे होतात. तिथून निघालेला निरोप आयआरएफ-३ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात नेतं आणि इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन तयार होऊ लागतं.

हे इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांना सापडलं. कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाचे तुकडे त्यांनी उष्णतेनं निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. नंतर उरलेल्या द्रवानं नव्या तुकड्यांनाही संरक्षण दिलं!

गंमत म्हणजे इंटरफेरॉन विषाणूला बोटही लावत नाही. ते शेजारच्या पेशीची कडी वाजवतं. आत स्टॅट-१, स्टॅट-२ आणि आयआरएफ-९ ही प्रथिनं एकत्र येऊन शेकडो जनुकं जागी करतात. त्यातून वाढणारं एक प्रथिन म्हणजे पीकेआर. विषाणूची चाहूल देणारा दुपदरी आरएनए दिसला की ते पेशीचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद पाडतं. विषाणूला माल मिळत नाही, पेशीलाही नाही. म्हणूनच मला 'शरीराचं सैन्य' ही उपमा कधी पटली नाही. इथे सेनापती कुणीच नाही. जो तो फक्त आपल्या शेजाऱ्याला ओळखतो.

विषाणूही कच्चा नसतो. फ्लूचं एनएस-१ हे प्रथिन दुपदरी आरएनए झाकून ठेवतं, रिग-आयच्या वाटेतही आडवं येतं.

आणि अंगदुखीचा पुरावा हवा असेल तर हा घे. हेपटायटिस सी झालेल्यांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. फ्लू नसतानाही त्यांना ताप यायचा, हुडहुडी भरायची, अंग ठणकायचं. हुबेहूब तुझ्यासारखं.

पाणी पीत राहा. श्वास लागला तर मात्र माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

तुझी,
आई