वाटी कुठली, तेवढे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नारळाच्या वड्यांची कृती आली होती. तीन वाट्या खवलेला नारळ, अर्धा किलो साखर, थोडे दूध. आमच्या सौ.नी ती अक्षरशः पाळली. ताटात थापलेले मिश्रण तासाभरात असे आळले की सुरी चालेना.

मी सांगलीत चाळीस वर्षे किराणा दुकान चालवले, त्यामुळे संशय आधी मापावर गेला. घरातल्या चार वाट्या काढल्या, पाण्याने काठोकाठ भरल्या आणि दुकानातून घरी आणलेल्या काट्यावर ठेवल्या. पाणी एक ग्रॅम म्हणजे एक मिली, हिशेब सोपा. १३०, १६५, १८० आणि सासूबाईंच्या काळातली २१०! सौ.नी नारळ घेतला होता १३० वालीने. कृती लिहिणाऱ्या बाईंची वाटी दोनशेच्या आसपासची असणार, म्हणजे आमच्याकडे साखर दीडपट पडली. सगळेच जिन्नस वाटीने सांगितले असते तर वाटी कुठलीही चालली असती. निम्मे वाटीने आणि निम्मे किलोने, इथे घात झाला. शिवाय वाटी सपाट की शीग लावून, तेही लिहिलेले नव्हते.

माझे वडील धान्य मापाने देत. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर. वजनाचा शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने येऊ लागली तेव्हा गिऱ्हाइके 'किलो म्हणजे किती शेर?' विचारून भंडावून सोडत. पण प्रत्येक मापावर सरकारी शिक्का असे. वाटीवर कोण मारणार? आमची मुलगी मेलबर्नला असते. तिथला मोठा चमचा २० मिलीचा आणि अमेरिकेतला १५ च्या आसपासचा, म्हणून ती आता आईला फोनवर ग्रॅमच विचारते.

त्याच पानावर कोकमाच्या साराचे छायाचित्र होते, लखलखीत पितळी पातेल्यात. आत कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, दिसली नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट त्यात राहिले की कळकते, म्हणजे धातू उतरून नासते, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नसे. कल्हईवाले आमच्याच दुकानातून नवसागराच्या पुड्या नेत. भांडे तापवून नवसागर टाकायचा, वर कथील फिरवून कापसाने पुसायचे, की आतून चांदीसारखे. हल्ली पितळ शोभेला म्हणून घेतात आणि नवी सून त्यातच सार उकळते. फोटोखाली 'कल्हई केलेले भांडे' एवढे तीन शब्द मावले असते.

तेव्हा पाककृतीत वाटी किती मिलीची ते एकदा वर छापा, किंवा सरळ ग्रॅममध्ये द्या.

वड्या अजून डब्यात आहेत. नातू बत्त्याने फोडून खातो.

आपला,
एक निवृत्त किराणा दुकानदार, सांगली