फडकं हातात दिलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही दुकान बंद करताय हे मला तासगावच्या एसटीत कळलं, तेही आपल्या सांगलीच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकाकडून. "गणपती पेठेतलं मेडिकल दसऱ्यानंतर उघडणार नाही म्हणे." मला साधा फोन केला नाहीत, त्याचा राग भेटल्यावर काढीन. आधी हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानले की तुम्ही लगेच शॉर्टेजची वही उघडून बसता. शिवाय मेडिकलच्या काउंटरमागं आज जी पोरंपोरी उभी आहेत, त्यांनीही हे वाचावं.

२०१६ ला मी तुमच्याकडे आले तेव्हा मला काम येतं अशी माझी पक्की समजूत होती. बारावी सायन्स झालं होतं आणि आठ महिने दुसऱ्या एका मेडिकलमध्ये काढले होते. तिथं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं आणि फार्मासिस्ट महिन्यातून एकदा यायचा, सह्या करायला. चिठ्ठी वाचायची मी, गोळी काढायची मी, "जेवल्यावर घ्या" सांगायची मीच. बाहेर उभी असलेली माणसं मला डॉक्टरीणबाई म्हणायची आणि मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू!

तुम्ही पहिल्या दिवशी हातात फडकं दिलंत.

सहा महिने मी रॅक पुसले. जवळच्या एक्सपायरीचा माल पुढं, लांबचा मागं. बिलावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडायचा, जुळला नाही तर खोकं बाजूला. गोळ्यांची पत्ती कापताना तारीख नि बॅच छापलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं. एकदा मी उलट्या बाजूनं कापली तेव्हा म्हणालात, "राहिलेल्या चार गोळ्यांचा बाप कोण, आता तूच सांग." घरी जाऊन मी आईला सांगितलं होतं की मालक माझ्याकडून धुणीभांडी तेवढी करून घ्यायचा राहिलाय.

शेवटी भांडायलाच आले. चिठ्ठीला हात का लावू देत नाही, विचारलं. तुम्ही चष्मा न काढता सांगितलंत: १९४८ चा फार्मसी कायदा, कलम ४२. ज्याचं नाव फार्मासिस्टांच्या नोंदणीत आहे त्यानंच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध द्यायचं. "तुझं नाव येऊ दे, मग दे." मला ती पळवाट वाटली. कायदा सगळ्यांनाच ठाऊक असतो, पाळतं कोण?

मग ती सावळजची आज्जी आली. मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी, संधिवाताची. तुम्ही नाव सांगितलंत, मी ड्रॉवरमधून मेथोट्रेक्झेटची पत्ती काढून काउंटरवर ठेवली. माझ्या लेखी काम संपलं. तुम्ही पत्तीवर हात ठेवून विचारलंत, "आज्जी, ही कुठल्या वारी घेता?"

"वार कसला? रोज सकाळी घेईन की चहाबरोबर."

ही गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर हाडांच्या मगजात रक्त तयार होणंच खुंटतं, तोंड सोलून निघतं, माणूस जातोसुद्धा. चिठ्ठीवर ते लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलांनी. तुम्ही डॉक्टरांना फोन लावून खात्री केलीत, पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त रविवार" लिहिलंत, फॉलिक ॲसिडच्या गोळीचा वार वेगळ्या पाकिटावर लिहिलात आणि आज्जीकडून दोनदा वदवून घेतलंत. मागं आठ माणसं खोळंबली होती, एक जण बडबडत निघूनही गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आधीच्या दुकानात आठ महिन्यांत माझ्या हातून काय काय गेलं असेल, ते आठवत बसले. वार मी कुणालाच विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डी.फार्मचा, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाचा, फॉर्म कुठं मिळतो ते विचारलं. फी तुम्ही भरलीत आणि पगारातून महिन्याला पाचशे कापलेत. व्याजाचा विषय काढला तर अंगावर आलात. दोन वर्षं मी सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी काउंटर केलं. फार्माकोलॉजीच्या पेपराआधी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही रॅककडे बोट दाखवायचात, मी औषध कशावर आणि कुणाला द्यायचं नाही ते सांगायचं. एच-वनचं, म्हणजे कडक नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांचं, रजिस्टर तेव्हापासून माझ्याकडे दिलंत: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. १ मार्च २०१४ पासून हा नियम आहे आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. महिनाअखेरीला बसून एका दमात भरलेलं रजिस्टर शाईवरून ओळखू येतं, हेही तुम्हीच दाखवलंत.

डिप्लोमानंतर ५०० तासांचं प्रशिक्षण, तीन महिन्यांहून कमी काळात उरकायचं नाही, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवर औषध देण्याचे. माझ्या वर्गातल्या कितीजणांनी नुसती सही-शिक्का आणला, ते जाऊ दे. तुम्ही डायरी घातलीत. एसटी चुकून चाळीस मिनिटं उशीर झाला तर चाळीस मिनिटं वजा.

त्यातच २०१९ च्या ऑगस्टचा महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर. पेठेत पाणी शिरायच्या आत आपण खालचे कप्पे माडीवर नेले. लाईट गेल्यावर इन्सुलिन थर्मासमध्ये ठेवलं. मी बर्फात थेट खुपसायला निघाले होते, तुम्ही मधे टॉवेल घातलात. इन्सुलिन गोठलं की गेलंच, उन्हानं जातं तसंच. पाणी ओसरल्यावर खालची खोकी भिजलेली निघाली. आतल्या पत्त्या कोरड्या दिसत होत्या, पुसून विकायचा सल्ला द्यायला माणसं आलीच. तुम्ही सगळ्याची यादी करायला मला बसवलंत. तो आकडा मी इथं लिहीत नाही, काकू वाचतील.

दुकानातल्या दादाबद्दलही लिहायचंय. पंधरा वर्षं काउंटरवर, औषधांची नावं माझ्याहून जास्त तोंडपाठ. पण बारावी कॉमर्स, त्यामुळं डी.फार्मचं दार बंद. त्याला तुम्ही कधी चिठ्ठी हाताळू दिली नाहीत. पण खरेदी, स्टॉकिस्ट, फ्रिजच्या तापमानाची वही हे सगळं त्याच्यावर सोपवलंत आणि पगार माझ्या बरोबरीनं ठेवलात. जिल्ह्यात असे कितीतरी दादा आहेत. त्यांच्यासाठी पुढची पायरीच कुणी बांधलेली नाही, आणि मला त्याचा संताप येतो.

माझं नाव नोंदणीत आलं त्या आठवड्यात एका दुकानदाराचा फोन आला: सर्टिफिकेट नुसतं टांगायला दे, घरबसल्या पैसे घे. पैशाची गरज होती. तुम्हाला विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. नाही म्हणाले. तुम्हाला हे आज पहिल्यांदाच कळतंय.

नंतर बी.फार्म पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. आता मिरजेला हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. ड्रग इन्स्पेक्टरची परीक्षाही देऊ शकते, त्याला पदवी लागते. गेल्या महिन्यात प्रशिक्षणाला एक मुलगी आलीय. हुशार आहे, घाई फार करते. तिला मी फडकं दिलंय. तिनं आईला काय सांगितलं असेल, ते मला पाठ आहे.

एक हिशेब राहिलाय. तुमच्या डायरीत माझे ५१२ तास झाले होते. वरचे बारा तुम्ही "जमा" म्हणून लिहून ठेवलेत, पान मी पाहिलंय. दुकान बंद करायचं तर माल परत पाठवायला कंपनीवार, एक्सपायरीवार याद्या लागतील आणि एकट्या दादाच्यानं ते होणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठला येते. जेवायची सुट्टी वजा करा.

तुमची,
तासगावची पोरगी